लीथ वॉकचे गाळे

लीथ वॉकवरची दुकानं बघायची तर नजर पाटीच्या वर न्यावी लागते. एडिंबरातल्या पिकार्डी प्लेसपासून हा रुंद रस्ता उताराने लीथ बंदराकडे जातो. तळमजल्यावर न्हावी, किराणावाला, चहाकॉफीचं दुकान. आणि त्यांच्या डोक्यावर दगडी, काळवंडलेले तीन-चार मजले, कुठल्याही भाडेकरूपेक्षा जुने. वरच्या टोकाला काही ठिकाणी मूळ इमारत मागे सरकलेली आणि दुकान मात्र एकमजली, पुढे आलेलं दिसतं. मुळात ती राहती घरं. पुढे अंगणाएवढी बाग. रस्त्यावर व्यापार वाढला तसा त्या बागेवर गाळा चढला.

जुन्या दुकानांचा माग कसा काढतात यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी हाच रस्ता निवडला. त्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1650 मध्ये क्रॉमवेलच्या इंग्रज फौजेला अडवायला स्कॉटिश सेनापती लेस्लीने एडिंबरा आणि लीथच्या मधे मातीचा बांध घातला. पुढे त्याच बांधावरून लोक पायी जाऊयेऊ लागले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथून गाड्या धावू लागल्या. मला ओढ होती ती एकेका गाळ्यात कोण बसलं, कधी बसलं आणि किती भाडं भरलं, याची.

दगडाकडूनही थोडं कळतं. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला. त्याआधीच्या दुकानांची तावदानं लहान लहान चौकटींची; नंतर मोठ्या काचा परवडू लागल्या आणि दर्शनी भाग झपाट्याने बदलले. गाळ्याची नवी पाटी उतरवली की तिच्याखाली जुनी रंगवलेली अक्षरं निघतात. पण अक्षरं नाव सांगतात, साल सांगत नाहीत. त्यासाठी कागदाकडे जावं लागतं.

आणि कागदाची सुरुवात एका विलक्षण माणसापाशी होते. पीटर विल्यमसन. लहानपणी त्याला ॲबर्डीनच्या बंदरातून पळवून अमेरिकेत विकलं गेलं. अनेक वर्षांनी तो परतला, आपली हकीकत छापून त्याच ॲबर्डीनमध्ये विकायला बसला. तिथल्या व्यापाऱ्यांनी बदनामीचा खटला भरला. शहराने त्याच्या पुस्तकाची पानं जाहीर जाळली. तो एडिंबराच्या वरिष्ठ न्यायालयात गेला आणि जिंकला. मग याच शहरात त्याने कॉफीचं दुकान काढलं, छापखाना घातला, एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालसेवा सुरू केली आणि 1773 मध्ये एडिंबराची पहिली डिरेक्टरी छापली. कोण कुठे राहतो, काय धंदा करतो, याची यादी. ज्याला एके काळी कोणी शोधू शकलं नाही, त्याने साऱ्या शहराचा पत्ता लिहून ठेवावा, हे मला फार मोठं वाटतं. त्याच्या मागून निघालेल्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या दरवर्षी येत राहिल्या. 1773 ते 1911 पर्यंतच्या सातशेहून अधिक स्कॉटिश डिरेक्टऱ्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर खुल्या केल्या आहेत.

मालकीसाठी सेझीन नोंदवही, 1617 पासूनची. जमीन विकली की दस्त तिच्यात चढायचा. आपल्याकडच्या फेरफार नोंदीसारखाच हा प्रकार. 1845 पर्यंत नव्या मालकाच्या हाती त्या जागेवरची माती आणि दगड ठेवण्याचा विधीही चाले. पण ही वही भाडेकरूला ओळखत नाही. कमी मुदतीचा करार तिच्यात येतच नसे, आणि किरकोळ दुकानदार लांबचा करार क्वचितच करतो.

म्हणून माझा जीव जडला तो मूल्यांकन वहीवर. 1854 च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या प्रत्येक इमारतीची दरवर्षी कर-आकारणी सुरू झाली आणि 1855 पासून रकाने भरले जाऊ लागले: जागा कसली, कुठली, मालक कोण, भाडेकरू कोण, प्रत्यक्ष राहतो कोण, वार्षिक भाडं किती. कर बसवायला केलेली ही वही. पण तिच्यामुळे बंगल्याचा मालक आणि कोपऱ्यावरचा तंबाखूवाला एकाच ओळीत आले. वर्षानुवर्षं एक गाळा वाचत गेलं की पुरुषाच्या नावाच्या जागी अचानक ‘मिसेस’ लागलेलं नाव दिसतं, भाडं तेच राहतं. नवरा गेला किंवा धंद्यातून बाजूला झाला असेल. दुकान मात्र तिने बंद पडू दिलं नाही. अशी ओळ सापडली की पुढचं पान उलटवत नाही.

आता अडचणी. पहिली पत्त्याची. लीथ वॉक हा एकच रस्ता, पण त्याचे तुकडे वेगवेगळ्या नावांचे: एल्म रो, हॅडिंग्टन प्लेस, अँटिग्वा स्ट्रीट, आणि प्रत्येकाचे क्रमांक निराळे. खेळण्यातले कागदी रंगमंच विकणाऱ्या ज्या दुकानावर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने निबंध लिहिला, ते याच रस्त्यावर अँटिग्वा स्ट्रीटच्या कोपऱ्याला होतं. डिरेक्टरीत ‘लीथ वॉक’खाली ते शोधलं तर हाती काही लागत नाही. दुसरी अडचण सालाची. भाड्याचं वर्ष मे महिन्यातल्या व्हिटसंडे या मुदतीच्या दिवशी फिरायचं, त्यामुळे 1895 या एका सालात दोन भाडेकरू असू शकतात आणि दोन्ही कागद खरे असतात.

तिसरी हद्दीची. 1833 ते 1920 लीथ हे स्वतंत्र नगर होतं आणि हद्द पिलरिगपाशी रस्ता कापत जायची. तिथे एडिंबराची केबलने ओढली जाणारी ट्राम थांबे आणि लीथच्या विजेच्या ट्राममध्ये बसायला उतारूंना खाली उतरावं लागे. संशोधकालाही तिथेच उतरावं लागतं: पलीकडच्या गाळ्याची बांधकाम परवानगी आणि कर-आकारणी दुसऱ्या नगराच्या दप्तरात.

पण हे सगळं चिकाटीने सुटतं. 1940 सुटत नाही. त्या वर्षी 10 जूनला इटलीने युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री जमावाने लीथ वॉक आणि आसपासच्या इटालियन दुकानांच्या काचा फोडल्या. पुरुषांना स्थानबद्ध केलं. एल्म रोवर 1934 पासून असलेल्या ‘वालवोना अँड क्रोला’ या खाद्यपदार्थांच्या दुकानाचे अल्फोन्सो क्रोला स्थानबद्धांना नेणाऱ्या ‘अरँडोरा स्टार’ जहाजावर होते. 2 जुलैला जहाज बुडालं, आठशेहून अधिक माणसं गेली, त्यात क्रोलाही. दुकान एल्म रोवर टिकलं. बाकीच्या इटालियन गाळ्यांचं नंतर काय झालं हे घरबसल्या बघू गेलं तर संगणकावरच्या मूल्यांकन वह्या 1940 लाच थांबतात, डिरेक्टऱ्या त्याच्याही आधी. नंतरच्या वह्या अभिलेखागारात जाऊन पाहाव्या लागतात आणि डिरेक्टऱ्यांचं छापणं 1970 च्या दशकात बंदच पडलं. म्हणजे युद्धानंतर आलेले दक्षिण आशियाई किराणावाले आणि 2004 नंतरचे पोलिश दुकानदार, ज्यांनी हा रस्ता जिवंत ठेवला, त्यांच्या खुणा शंभर वर्षांपूर्वीच्या तंबाखूवाल्यापेक्षा विरळ आहेत.

2018 मध्ये स्टेड्स प्लेसजवळची 1930 च्या दशकातली लाल दगडी दुकानांची रांग पाडण्याचा प्रस्ताव आला. बारा हजारांहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि 2019 मध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. रांग वाचली. पाठोपाठ ट्रामची खोदाई सुरू झाली. जून 2023 मध्ये ट्राम न्यूहेवनपर्यंत धावली, तोवर कित्येक दुकानदारांना कुंपणांच्या आडून धंदा करावा लागला.

नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी एडिंबराच्या जुन्या वस्त्या पाडण्याऐवजी दुरुस्त केल्या आणि 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले. आराखड्याआधी पाहणी, हा त्यांचा आग्रह. लीथ वॉकला आज तीच पाहणी हवी आहे, आणि ती पाडापाडीची नोटीस लागण्याची वाट पाहणारी नको. प्रत्येक गाळ्याच्या यंदाच्या पाटीचा फोटो, भाडेकराराची प्रत, दुकानदाराने सांगितलेलं त्याचं पूर्ण नाव आणि तो आला ते साल, एवढं तरी ग्रंथालयात दरवर्षी जमा व्हायला हवं, आणि ते काम मे महिन्यात करावं, भाड्याचं वर्ष फिरायचं तेव्हाच.