शस्त्रं पाहावीत कशी? (भाग ५) : चकमकीची बंदूक

गेल्या आठवड्यात तोड्याची बंदूक पाहिली. आज तिची धाकटी बहीण. ही आपल्याकडे इंग्रजांसोबतच आली असं समजायचं कारण नाही. शिंद्यांच्या कवायती पलटणींकडे ती आधीच होती, आणि त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात तयारही होत होती. तरी सोलापूर म्हटलं की मे १८१८ आठवतोच. १० तारखेला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी मन्रो याच्या फौजेने पेठेवर हल्ला चढवला, १५ ला भुईकोट पडला. कंपनीच्या पायदळाच्या खांद्यावर तेव्हा हीच बंदूक होती. मात्र माळ्यावरची बंदूक ‘त्याच लढाईतली’ असं ठरवण्याआधी थोडं तिलाच विचारावं.

पहिला प्रश्न जिवाचा आहे : बंदूक भरलेली आहे का? ठासणीच्या बंदुकीत आजोबा-पणजोबांनी भरलेला बार तसाच राहिलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. लाकडाची बारीक काठी नळीत तळापर्यंत सोडा. तोंडाशी खूण करा, काठी काढा आणि खूण नळीच्या तोंडाशी ठेवून काठी बाहेरून नळीला लावा. टोक जवळपास कानापर्यंत, म्हणजे बुडाजवळच्या बारीक छिद्रापर्यंत, पोचायला हवं. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग ‘बघू या तरी’ नको. बंदूक खाली ठेवावी आणि जाणकाराला बोलवावं.

आता कळ. घोड्याच्या जबड्यात गारगोटी. चाप ओढला की ती समोरच्या पोलादी पट्टीवर घासत आदळते. त्या धक्क्याने पट्टी मागे उलटते, खालची रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी उघडी पडते, ठिणग्या रंजकावर पडतात आणि आग कानातून आतल्या दारूला भिडते. वाटीतलं रंजक ओलं झालं की सगळं मुसळ केरात. घोडा अर्धा चढवल्यावर चाप ओढूनही सुटता कामा नये; सुटत असेल तर खाच झिजली आहे. गंमत म्हणून घोडा रिकामा आपटू नये, जुनी कमान तुटते.

कंपनीची बंदूक असेल तर नळी ३९ इंच, तोंडाचा व्यास पाऊण इंच, वजन साडेचार किलोंच्या आसपास. कळीच्या पट्टीवर चार भाग केलेलं हृदय आणि त्यात कंपनीची आद्याक्षरं असतील तर ती साधारण १८०८ पूर्वीची. मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर त्यानंतरची. सिंह दिसला की हुरळून जाऊ नये. खैबरकडच्या कारागिरांनी याच शिक्क्यांच्या नकला भरपूर केल्या, आणि त्यात अक्षरं पुष्कळदा चुकलेली असतात.

१८४० च्या सुमारास टोपीची, म्हणजे गारगोटीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी, बंदूक आली आणि अनेक जुन्या बंदुका तिच्यासाठी बदलून घेतल्या गेल्या. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोकं, वाटीच्या जागी ठिगळ, घोड्याचा निराळा घाट : या खुणा दिसल्या तर तसं लिहावं. तो दोष नव्हे, तिचाच इतिहास आहे.

स्थितीची नोंद मोघम नको. ‘जुनी, गंजलेली’ यातून काहीच कळत नाही. ‘नळीच्या बुडाशी खोल खड्डे, कान झिजून रुंद, दस्त्याला कळीमागे तडा, त्यावर पितळी पत्र्याची जुनी दुरुस्ती, गज नंतरचा’ असं लिहिलं की न पाहिलेल्यालाही बंदूक दिसते.

आपल्याकडे खरा घात होतो तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. राख-लिंबू घेऊन बंदूक चांदीसारखी लखलखीत केली जाते आणि शिक्के पुसट होतात. मग हळद-कुंकू ओलं लावलं की ते वाटीत आणि स्क्रूच्या खाचेत जाऊन बसतं, ओल धरून ठेवतं. पूजा अवश्य करावी, पण कुंकू दस्त्यालगत पाटावर वाहावं, आणि लोखंडाला नुसता हलका तेलाचा हात.

कायद्याचंही पाहून ठेवा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालवता येत नसतील तरच. चालू शकेल अशी बंदूक कितीही जुनी असली तरी त्यात बसत नाही. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालयात, तालुक्यांत जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं, आणि ते कागदावरच.