मार्चमधलं लंडन : लेकीकडे जाणाऱ्या आईसाठी

 

आजचा विषय जरा लांबचा आहे, लंडनचा. "आम्हाला काय करायचंय लंडनचं?" असं तुम्ही म्हणाल. गेल्या वर्षापर्यंत मीही तेच म्हणत होते. पण आमच्या एका गटातल्या आक्कांची लेक आणि जावई तिकडे नोकरीला आहेत. लेकीचं बाळंतपण मार्चमध्ये होतं. तिनंच तिकीट काढलं आणि आईला बोलावलं. सगळ्या बायका खूश झाल्या, पण आक्का काही खूश नव्हत्या. बैठकीत म्हणाल्या, "मला ना भाषा येते ना रस्ता. दोन महिने खिडकीत बसायचं आणि परत यायचं."

आक्का चौथी शिकलेल्या. पण सोलापूरच्या बाजारात एकट्या भाजी घेऊन जातात आणि पैशापैशाचा हिशेब तोंडी ठेवतात. अशा बाईनं खिडकीत का बसायचं? म्हणून त्यांच्या लेकीशी फोनवर बोलून, थोडं वाचून, आम्ही त्यांच्यासाठी एक कागद तयार केला. आज तोच कागद तुम्हाला सांगते. आपल्या तालुक्यातलीही पोरं-पोरी आता परदेशी जातात. आज ना उद्या तुमच्यापैकी कुणालाही बोलावणं येईल.

आधी हवामान. मार्चमध्ये आपल्याकडे ऊन तापायला लागतं, पारा पस्तीसच्या पुढे जातो. लंडनला तेव्हा थंडी नुकती सरायला लागलेली असते. दुपारी दहा-बारा अंश, रात्री चार-पाच. अधूनमधून बारीक पाऊस. पण हाच तिकडे वसंत सुरू व्हायचा काळ. बागांतून डॅफोडिल नावाची पिवळी फुलं गवतातून वर येतात आणि महिनाअखेरीला चेरीची झाडं फुलायला लागतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात. त्याआधी आपल्याकडे दुपारचे बारा वाजले की तिथे सकाळचे साडेसहा असतात, त्यानंतर साडेसात. घरी फोन करताना हे लक्षात ठेवायचं.

आता सामान. पातळ नेसायचं तर खुशाल नेसा, पण आतून गरम कपडे, पायांत मोजे आणि बंद बूट, वर पाऊस न लागणारा कोट आणि कानटोपी हवीच. चपलेवर तिथे भागत नाही.

बाळंतिणीचं खाणं नेताना मात्र जपा. आपल्याकडून तिकडे जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे नेऊ नका. डिंक, खारीक, आळीव न्या, तूप तिथल्या दुकानात मिळतं, लाडू तिथेच वळा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी चालते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. विमान दुबईमार्गे असेल तर खसखस अजिबात नेऊ नका. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण त्या देशात तिला अमली पदार्थांच्या कायद्यानं बंदी आहे. चिमूटभर खसखशीपायी अडकायला होतं.

व्हिसा पाहुण्यांचा असतो. त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पगारी काम करता येत नाही. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला किंवा पुण्याला जावं लागतं. प्रवासाचा विमा नक्की काढा. तिथली सरकारी दवाखान्याची सोय तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. पाहुणा दवाखान्यात भरती झाला तर मोठं बिल येतं. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. आणि असल्या प्रवासासाठी गटाचं कर्ज काढू नका. ते धंद्याला आणि अडीनडीला आहे.

आता फिरण्याचं. एका पौंडाचे शंभराहून जास्त रुपये होतात, म्हणून आपला जीव प्रत्येक खर्चाला घाबरतो. पण त्या शहरात फुकट बघण्यासारखं खूप आहे, आणि स्वस्त वाहन म्हणजे लाल दुमजली बस. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. लेकीकडून एक कार्ड घ्यायचं, पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरजवळच्या यंत्राला ते टेकवायचं. पावणेदोन पौंडांच्या आसपास भाडं लागतं, आणि त्या वेळेपासून एका तासाच्या आत दुसरी बस धरली तर तिचे पैसे पडत नाहीत. प्रत्येक थांब्याचं नाव बसमध्ये बोलून सांगतात आणि पाटीवरही दाखवतात. उतरायचं असलं की खांबावरचं लाल बटण दाबायचं. अक्षर वाचता आलं नाही तरी बसचा नंबर वाचता येतो, तेवढं पुरतं. रस्त्यावर गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात.

घरचा पत्ता आणि लेकीचा नंबर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून पर्समध्ये ठेवायचा. अडचण आली तर 999 हा नंबर, पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्हींसाठी. जावई घरी असेल त्या दिवशी दुपारचे दोन-तीन तास बाहेर पडायचं. एका दिवशी एकच ठिकाण.

आम्ही आक्कांना तीन वाटा सांगितल्या.

पहिली वाट नदीकाठची. थेम्स नदीच्या काठी त्यांची संसद आहे. समोरच्या चौकात बरेच पुतळे आहेत, गांधीजींचाही आहे. त्या चौकात 2018 सालापर्यंत एकाही बाईचा पुतळा नव्हता. त्या वर्षी मिलिसेंट फॉसेट यांचा बसवला. बायकांना मत मिळावं म्हणून त्यांनी सभा, अर्ज, सह्या अशा शांत मार्गानं आयुष्यभर काम केलं. संसदेला लागून असलेल्या बागेत एमेलिन पँकहर्स्ट यांचा पुतळा आहे. त्याच हक्कासाठी त्या अनेकदा तुरुंगात गेल्या. एवढं करून तिथल्या बायकांना मत मिळालं 1918 साली, तेही तीस वर्षांवरच्या आणि घर-मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांना. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला 1928 साल उजाडलं. आपल्या राज्यघटनेनं मात्र 1950 साली सगळ्या बायकांना एकदमच मत दिलं. तुमच्या आजीनं अंगठा उठवून मत दिलं असेल, पण ते पूर्ण मत होतं.

त्या बागेच्या टोकाला लॅम्बेथ नावाचा पूल आहे. तो ओलांडून नदीच्या पलीकडच्या काठानं थोडं चाललं की महात्मा बसवेश्वरांचा पुतळा दिसतो. होय, आपले बसवण्णा. 14 नोव्हेंबर 2015 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. बाराव्या शतकात बसवण्णांनी जातीची उतरंड नाकारली आणि कष्टाला पूजेचा मान दिला. त्यांच्या अनुभव मंटपात बायकाही बसून बोलत, अक्कमहादेवींचं नाव तर आपल्या भागात घराघरात आहे. बसवण्णांनी आपल्या मंगळवेढ्यात बिज्जळाच्या पदरी हिशेबाचं काम केलं, असं सांगतात. म्हणजे वही लिहिणाऱ्या आपल्या बायकांचे ते जुने सोबतीच.

दुसरी वाट एका मराठी मुलीच्या शाळेची. रखमाबाईंचं नाव ऐकलंय का? जन्म 1864 सालचा, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं. मोठी झाल्यावर त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत. त्यानं कोर्टात दावा लावला. 1887 साली निकाल लागला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी 1888 साली तडजोड झाली आणि त्या सुटल्या. पुढच्याच वर्षी त्या लंडनला गेल्या आणि बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरत आणि राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षं बायकांची बाळंतपणं केली, औषधपाणी केलं. ते महाविद्यालय हंटर स्ट्रीट या रस्त्यावर होतं, त्याची जुनी इमारत अजून आहे. आत बघण्यासारखं काही मांडलेलं नाही, बाहेरूनच बघायची. पण बाळंतपणाला आलेल्या आईनं तिथे दोन मिनिटं उभं राहावं, असं मला वाटलं.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की ब्रिटिश म्युझियम लागतं. हे संग्रहालय 1759 सालापासून लोकांसाठी उघडं आहे आणि आत जायला तिकीट नाही. इजिप्तच्या ममीपासून आपल्या अमरावतीच्या स्तूपाच्या कोरीव दगडांपर्यंत सगळं तिथे आहे. आपल्या वस्तू त्यांच्याकडे कशा गेल्या, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. येऊ द्या, तो खरा प्रश्न आहे. आत ऊब असते, बसायला बाक असतात, स्वच्छतागृहही फुकट आणि स्वच्छ. पाऊस लागला तर यासारखी दुसरी जागा नाही. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट मात्र करू नका, गुडघे बोलायला लागतील.

तिसरी वाट बाबासाहेबांच्या घराची. प्रिमरोज हिल भागात, 10 किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये शिकत असताना या घरात राहिले. पहिल्यांदा ते 1916 साली लंडनला गेले होते, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं. मुंबईत नोकरी करून, पैसे जमवून, थोडे उसने घेऊन ते 1920 साली पुन्हा गेले. बचतीतून शिक्षण म्हणजे काय, ते यावरून कळतं. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता रुपया. रुपयाचं मोल कसं ठरतं आणि ते घसरलं की गरिबाचं काय होतं, याचा त्यात अभ्यास आहे. 1923 साली तो पुस्तकरूपानं निघाला. हे घर महाराष्ट्र सरकारनं 2015 साली विकत घेतलं, आणि ज्या दिवशी बसवण्णांच्या पुतळ्याचं अनावरण झालं त्याच दिवशी हे स्मारकही खुलं झालं. जाण्याआधी उघडण्याची वेळ विचारून घ्यायची. आजूबाजूला लोकांची घरं आहेत, मोठ्यानं बोलायचं नाही. जवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे. चढ सोपा आहे, आणि वर गेलं की सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं.

याशिवाय तिथे 1932 सालापासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्येच येतो, त्या सुमाराला चौकशी केली तर मराठी बोलणाऱ्या चार बायका भेटतात. वेंबली आणि साउथॉल भागात आपल्याकडची भाजी, पीठ, मसाले सगळं मिळतं.

आता आक्कांचं काय झालं ते सांगते. पहिले तीन आठवडे त्या खरंच घराबाहेर पडल्या नाहीत. बाळ लहान, लेक अशक्त. मग एके दिवशी लेकच म्हणाली, "आई, तू खिडकीत बसलेली बघून मलाच कसंतरी होतं. जा बघू." पहिल्यांदा जावयानं बरोबर नेलं. दुसऱ्या वेळी आक्का एकट्या गेल्या, हातात आमचा कागद, त्यावर बसचा नंबर. एक थांबा पुढे उतरल्या. घाबरल्या, पण नदी दिसत होती. नदीच्या काठाकाठानं मागं चालत आल्या आणि बसवण्णांपाशी पोचल्या. पिशवीतली चटणी-भाकरी तिथेच बाकावर बसून खाल्ली. शेजारी एक म्हातारी गोरी बाई बसली होती. दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही, पण तिनं भाकरीचा तुकडा चाखला आणि चटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे आक्का अजून हसत सांगतात.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत आक्का उभ्या राहिल्या. मला वाटलं, लंडनची मोठी वर्णनं सांगतील. त्या म्हणाल्या, "बसवण्णांना मी सातासमुद्रापार बघून आले. पण मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात, आणि मी अजून तिथे गेले नाही. का गेले नाही, तर कुणी नेलं नाही म्हणून." बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कारण तीच गोष्ट आमच्यापैकी बहुतेकींची होती. माहेर, सासर, बाजार आणि दवाखाना, याच्या पलीकडे स्वतःसाठी म्हणून आम्ही कुठे गेलोच नव्हतो.

तेव्हा मैत्रिणींनो, लंडनचं बोलावणं आलं तर हा कागद जवळ ठेवा. नाही आलं तरी यंदा 8 मार्चला फक्त हळदीकुंकू आणि भाषण नको. आमच्या गटानं ठरवलंय, त्या दिवशी एसटीनं मंगळवेढ्याला जायचं. भाड्याचे पैसे प्रत्येकीनं दर आठवड्याला वीस-वीस रुपये वेगळे काढून जमवलेत, बचतीला हात लावलेला नाही. पुढच्या वेळी हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेच्या त्या संगमावर देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे, आणि तो आपल्याच तालुक्यात आहे.

तुमच्या गटानंही एक ठिकाण ठरवा. नेणारं कुणी येईल म्हणून थांबू नका. बसचा नंबर वाचता येतो ना, मग निघा. नमस्कार.