माफी आणि उधारी

लकडगंजात 'क्षमा' हा शब्द फारसा कानी पडत नाही. 'जाऊ द्या ना भाऊ' एवढेच म्हणतात. या वस्तीतल्या एका आरामशीनवर मी तीस वर्षे हिशेब लिहिले. सागवानाचा वास, करवतीचा आवाज आणि उधारीच्या वह्या. क्षमेवर बोलायला मी काही कीर्तनकार नव्हे. पण कोण कोणाला का माफ करतो, हे वहीच्या आडून बरेच पाहिले.

नागपूरचा भाद्रपद पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची ही प्रथा. त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जो बसला असेल त्याचा बडग्या करायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. माफीची बातच नाही! आणि तीन-चार दिवसांनीच, चतुर्थी-पंचमीला, श्वेतांबर जैनांची संवत्सरी येते. आमचे शेठ त्या दिवशी हमालापासून दिवाणजीपर्यंत सगळ्यांपुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत. शब्द प्राकृत, अर्थ, माझे दुष्कृत मिथ्या होवो. वर्षभर खेकसायचे आणि एक दिवस हात जोडायचे, यात काय मोठेपण, असे मला तरुणपणी वाटे. पुढे कळले, की बडग्या उद्या दारात येणार नसतो. हमाल येणार असतो.

शेठचा आणखी एक गुण सांगतो. एका गिऱ्हाइकाने त्यांची मोठी रक्कम बुडवली. संवत्सरीला शेठनी त्यालाही हात जोडले, चहा पाजला. मला मात्र हळूच म्हणाले, "याला पुढचा माल रोखीनेच."

माझ्यावरही पाळी आली. एका सुतार मित्राला मी जामीन राहिलो. तो लाकूड घेऊन गेला तो परतलाच नाही. दोन वर्षे माझ्या पगारातून पैसे कापले गेले, सौ.च्या पाटल्या गहाण पडल्या त्या सुटल्याच नाहीत. पोलिसांत जावे असे फार वाटले. गेलो नाही, ते चांगुलपणामुळे नव्हे, लाजेमुळे.

फसवणुकीच्या खटल्यात न्यायालयाची परवानगी असेल तर फसलेला माणूस तडजोड करू शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये ही सोय होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. खुनाला ती नाही. घरच्यांनी मनातून माफ केले तरी खटला चालतोच. मनातली माफी आणि शिक्षेतली सूट या दोन गोष्टी कायद्यानेही वेगळ्या ठेवल्या आहेत.

सात वर्षांनी तो सुतार मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभा राहिला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. सौ. म्हणाली, "या भाऊजी, बसा." त्याने "वहिनी, चुकलो" म्हटले आणि डोळे पुसले. तो गेल्यावर मी चिडलो, "तुझ्या पाटल्या गेल्या अन् तू त्याला चहा देतेस?" ती म्हणाली, "सात वर्षं तुम्ही रोज त्याला ताटावर घेऊन बसत होते. मला दोघांचंच जेवण वाढायचं आहे."

पैठणच्या नाथांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कोणी अंगावर थुंकला, की ते न रागावता पुन्हा गोदावरीत स्नानाला जात. गोष्ट मोठीच, पण सौ.ला नाथ व्हायचे नव्हते, तिला स्वस्थ जेवायचे होते. बहुतेक घरांत माफी याच वाटेने येते, असे मला वाटते. राग ओझे होतो म्हणून, सोयरीक निभवायची म्हणून, कधी समोरच्याचे पिकलेले केस पाहून.

लग्नाला आम्ही गेलो. पैसे थोडे आले, बाकीचे राहिलेच. त्याने करून दिलेल्या पाटावर मी आजही जेवतो. मात्र कोणी जामिनकीचा कागद घेऊन आला, की सौ. आधी माझ्या खिशातला पेन काढून घेते.