पुस्तकातली ती काळी-पांढरी चौकट

‘संत नामदेवांची माहिती लिहून आणा,’ असा घरचा अभ्यास मिळाला, की हिंगोलीतलं मूलही आधी मोबाईल मागतं. नर्सी नामदेव आपल्याच जिल्ह्यात असलं तरी. मोबाईल मागण्यात काही वावगं नाही. मोबाईल हाती आल्यावर कुठे बघायचं, हे घरात कुणालाच नक्की ठाऊक नसतं, अडचण ती आहे. त्यातून काही समज पक्के होऊन बसलेत.

“मराठीत नेटवर काही मिळत नाही.”

हा समज सगळ्यात पक्का आहे आणि सगळ्यात चुकीचाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. पावसात दप्तर भिजलं, पुस्तक हरवलं, तरी अभ्यास अडायला नको. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. भाषा मोठ्यांची आहे. पण सातवी-आठवीच्या मुलाशेजारी बसून एक नोंद वाचली, तर ती समजते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहानांसाठी मराठी गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आहेत आणि काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब यांतून विज्ञान शिकवणारी खेळणीही. विज्ञानाचा प्रकल्प दुकानातून विकत आणण्याआधी पालकांनी ती एकदा बघावीत, असं मला मनापासून वाटतं.

“चांगलं हवं तर पैसे मोजावे लागतात.”

वर सांगितलेल्या कशालाच पैसे पडत नाहीत. आणि सगळ्यात जवळची वाट तर दप्तरातच आहे. बालभारतीच्या पुस्तकात धड्यांजवळ काळी-पांढरी चौकट छापलेली असते, तो क्यूआर कोड. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी ॲपमधून तो स्कॅन केला, की त्याच धड्याचे व्हिडिओ आणि सराव समोर येतात. हे साहित्य आपल्याच पाठ्यक्रमाला धरून असतं, म्हणून महागड्या ॲपची वर्गणी भरण्याआधी ते बघून घ्यावं. सगळेच व्हिडिओ सारखे चांगले नाहीत, हेही खरं.

“आमच्याकडे रेंजच नसते.”

रेंजची अडचण खरी आहे, पण तिच्यामुळे सगळं थांबत नाही. दीक्षावरचं बरंच साहित्य उतरवून ठेवता येतं, पीडीएफही. आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी गेलात, तर तिथे दोन-तीन धडे उतरवून घ्या; ते घरी नेटशिवाय चालतात.

“सगळ्यात वर आलं, ते खरं.”

इथे मात्र थांबायला हवं. शोधयंत्र वर काय दाखवेल, ते खरेपणावरच ठरत नाही. आपल्या जिल्ह्याचीच उदाहरणं घ्या. एखाद्या जुन्या मजकुरात औंढा, कळमनुरी परभणी जिल्ह्यात दिसतील. तो मजकूर त्याच्या काळात बरोबर होता. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. औंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचंही तसंच. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली, तेव्हाच्या बातम्यांत ती २०२४ला सुरू होणार होती. सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली आणि साल पुढे गेलं. मजकूर कधीचा आहे, हे पाहिल्याशिवाय वहीत उतरवलं, तर मूल चुकणारच.

काही प्रश्नांना एकच उत्तर नसतंही. नागनाथाचं ज्योतिर्लिंग आपण औंढ्याचं मानतो. गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराला तोच मान आहे आणि उत्तराखंडात जागेश्वरला. मुलाने हे तिन्ही लिहावं आणि कोण काय मानतं, तेही. शिक्षकांनी अशा उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं ॲप तर सफाईदार मराठीत ठामपणे चुकू शकतं. गणित सोडवून घेण्यापेक्षा ‘मी इथे अडलो, पुढची एकच पायरी सांग’ असं त्याला विचारायला शिकवा, आणि उत्तर पुस्तकाशी ताडून बघा.

“आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?”

हे ऐकलं, की फार वाईट वाटतं, कारण मदत करायला धडा यावा लागत नाही. मोबाईल ठेवायला लावून मुलाला म्हणा, “आता न बघता मला समजावून सांग.” ते कुठे अडतंय, ते आईला लगेच कळतं. व्हिडिओ नुसता पाहिला की समजून घेतला, हेही तिथेच उघडं पडतं.

शेकडेवारीचा धडा असेल, तर विचारा: शंभर किलो ओली हळद शिजवून वाळवली आणि वीस किलो भरली, तर शेकडा किती घट झाली? ओली हळद वाळून साधारण पाचवा हिस्सा उरते, हे वसमतकडच्या आईबापांना कुठल्याही ॲपआधी ठाऊक असतं. मुलाचं उत्तर ऐंशी आलं नाही, तर चूक कुठे झाली, ते दोघांनी मिळून शोधायचं.