जुन्या विमानाचे नवे डोळे आणि नवे कान



विमानाचें आयुष्य किती असावें? मोटारगाडी पंधरा-वीस वर्षांत मोडीत निघते. मग ढगांवरून धांवणारें यंत्र त्याहूनही लवकर थकत असेल, असें आपणांस वाटणें साहजिक आहे. परंतु अमेरिकेच्या वायुदलांत एक अवजड बाँबफेकी विमान असें आहे कीं, तें चालविणारे बहुतेक वैमानिक वयानें त्याच्याहून कितीतरी लहान आहेत. 'बी-५२' हें त्याचें नांव. बोइंग कंपनीनें बांधलेल्या या विमानाचें पहिलें उड्डाण १५ एप्रिल १९५२ रोजीं झालें. एकंदर ७४४ विमानें बांधण्यांत आलीं आणि त्यांतील शेवटचें १९६२ सालीं वायुदलास मिळालें. त्यांपैकीं ७६ विमानें आज सेवेंत आहेत आणि सन २०५० च्या पुढेंही तीं वापरावीं, असा तेथील सरकारचा बेत आहे.

या विमानाचा सांगाडा दणकट आहे. म्हातारीं झालीं तीं त्याचीं ज्ञानेंद्रियें. तेव्हां डोळे आणि कान बदलून जुन्या देहास पुन्हां कामास कसें लावतात, हें आज पाहूं.

विमानांत पांच माणसें असतात. दोन वैमानिक वरच्या मजल्यावर पुढें बसतात. शत्रूच्या रडारला चकविणारा अधिकारी त्यांच्या मागें, विमानाच्या शेपटीकडे तोंड करून बसतो. मार्ग व लक्ष्य सांभाळणारे दोघे खालच्या मजल्यावर असतात आणि त्यांना खिडकीच नाहीं! बाहेरचें जग त्यांना समोरच्या पडद्यांवरूनच कळावयाचें. हे पडदे एकरंगी असत. शिवाय कोणाच्या पडद्यावर काय आहे तें दुसऱ्यास बोलून सांगावें लागे.

संदेशांची रीतही तशीच होती. कोठें जावयाचें व काय करावयाचें, ही सर्व माहिती उड्डाणापूर्वीं विमानांत भरून ठेवीत. वाटेंत हुकूम बदलला तर तो नभोयंत्रावरून ऐकावयाचा, अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्यावयाचे आणि मग एकेक आंकडा हातानें यंत्रांत घालावयाचा. फळ्यावरचें गणित उतरवून घेतांना हुशार मुलगाही ३६ चे ६३ करतो, हें मीं शाळेंत वर्षानुवर्षें पाहिलें आहे. तेथें एक गुण जातो. येथें अक्षांशांत एका कलेची चूक झाली, तर जागा सुमारें १८५० मीटरांनीं सरकते, म्हणजे एक गांव सोडून दुसरें गांव लक्ष्य ठरतें.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. आखूड लहरींचे संदेश सरळ रेषेंत जातात. क्षितिजाखालीं गेलेल्या विमानास ते पोंचत नाहींत. त्याहून लांब लहरी आकाशांतील विद्युन्मय थरावर आपटून दूर जातात खऱ्या, परंतु त्यांचा भरंवसा ऋतु, वेळ आणि सूर्याची लहर यांवर अवलंबून. विषुववृत्तावर सुमारें ३६००० किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणारे कृत्रिम उपग्रह ही अडचण दूर करतात.

या सर्वांवर उपाय म्हणून 'कनेक्ट' नांवाची योजना निघाली. सुधारलेलीं विमानें २०१४ पासून वायुदलाच्या तळांवर येऊं लागलीं. विमानांत नवा संगणक बसविला, सर्व आसनें एका जाळ्यानें जोडलीं, उपग्रहाशीं बोलणारी यंत्रणा घातली आणि रंगीत पडदे लावले. त्यांवरील नकाशा विमानाबरोबर सरकतो. नवें लक्ष्य आलें तर तें लेखनाच्या मध्यस्थीवांचून पडद्यावर उमटतें आणि सर्वांना एकाच वेळीं दिसतें.

सांगावयास सोपें, करावयास कठीण. जुन्या वाड्यांत वीज घेणाऱ्यास ही कटकट ठाऊक असेल. नव्या यंत्रांना वीज हवी, थंड हवा हवी, तारांना वाट हवी आणि प्रत्येक तारेचें वजन पेलावयास हवें. वैमानिकाचा पडदा भर उन्हांत वाचतां यावा आणि रात्रीं त्यानें डोळे दिपूं नयेत. म्हणून ओक्लाहोमांतील टिंकर तळावर ठराविक वर्षांनीं विमान दुरुस्तीसाठीं उघडतात, तेव्हांच हें काम उरकून घेण्याची पद्धत ठेवली.

आतां एक घटना सांगतों. ५ डिसेंबर २००१ रोजीं अफगाणिस्तानांत कंदाहारच्या उत्तरेस एका बी-५२ नें सुमारें २००० पौंडांचा बाँब टाकला. तो स्वपक्षावरच पडला. तीन अमेरिकन सैनिक व त्यांचे कित्येक अफगाण सहकारी ठार झाले. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले हमीद करझाई यांस किरकोळ दुखापत झाली. जमिनीवरच्या सैनिकानें स्थाननिश्चितीच्या यंत्राची बॅटरी बदलली, तेव्हां तें यंत्र शत्रूच्या जागेऐवजीं स्वतःचीच जागा दाखवूं लागलें आणि तेच आंकडे विमानाकडे गेले, असें वृत्त मागाहून प्रसिद्ध झालें.

येथें उतरवून घेण्यांत चूक नव्हती. आलेला आंकडा विमानानें इमानानें पाळला. चुकीचा आंकडा नव्या जाळ्यांतूनही तितक्याच इमानानें, आणि अधिक त्वरेनें, जाईल. फरक एवढाच कीं, नकाशावर स्वपक्षाच्या खुणा असतील, तर लक्ष्याची खूण त्यांच्यावरच पडलेली पाहून पांचांपैकीं कोणीतरी "थांबा" म्हणूं शकेल. मात्र त्यासाठीं त्या खुणा नकाशावर आलेल्या असाव्या लागतात आणि पाहणाराचें लक्ष तेथें असावें लागतें.

या विमानांना आतां नवें रडार व रोल्स-रॉइसचीं नवीं इंजिनें द्यावयाचें ठरलें आहे. इंजिनांची निवड २०२१ सालीं झाली. तीं बसलीं म्हणजे देहाची चाल सुधारेल. परंतु ज्या यंत्राच्या एका आंकड्यावर खालच्या माणसांचे प्राण अवलंबून आहेत, त्यांत पडद्यापुढें बसणाऱ्यास तो आंकडा पुन्हां एकदां पडताळून पाहण्यास किती क्षण मिळतात, याचाही हिशेब ठेवावयास हवा.