उडालेला रंग

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसले आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याचा पूर्वीचा क्रमांक ६ होता, तोही येथूनच जातो. या मार्गालगतची हनुमंताची १०५ फूट उंच मूर्ती वाटसरूंना दुरूनच दिसते. वैशाखात येथील पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा उन्हात वर्षानुवर्षे उभी राहिलेली मोटार पाहावी. तिचा पत्रा अजून बरा दिसतो. बंपर मात्र फिकट, राखेसारखा झालेला असतो. ऊन तर दोघांवर सारखेच पडले!

जुन्या अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाड्यांचे बंपर पोलादी असत व त्यांवर क्रोमचा चकचकीत मुलामा असे. आजचे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली ते तयार केले. १९६३ साली कार्ल त्सीगलर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्लॅस्टिकचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण या साखळ्या तोडतात. पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्याला सूक्ष्म भेगा पडतात आणि बोट फिरवले तर पांढरट भुकटी लागते. आपण ‘रंग उडाला’ असे म्हणतो. वस्तुतः तो उडत नाही, तर वरचा थरच मोडतो. रंगविलेल्या बंपरवर पारदर्शक लेप असतो. तो हे किरण शोषून घेतो. पण त्याचे बळ सरले, की तोही धुरकट होऊन सोलतो.

जुनी मोटार विकताना काही लोक अशा बंपरला तेल चोपडतात. तेल भेगांत शिरते व बंपर काळाभोर दिसू लागतो. साठवलेल्या पैशांतून मोटार घेणारा त्या तजेल्याला भुलतो आणि काही दिवसांतच धूळ व पाऊस खरे रूप उघडे करतात. साबणाच्या पाण्याने भिजवलेले फडके घासून पाहिले, तर ही लबाडी बहुधा तेथल्या तेथे कळते.

खरी दुरुस्ती अधिक कष्टाची आहे. लेप केवळ धुरकट झाला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने पाणी घालून घासणे व मग पॉलिश करणे पुरते. तो सुटू लागला असेल, तर नवा रंग द्यावा लागतो. प्रथम बंपर धुऊन त्यावरील मेण व तेल काढतात. तेलाचा अंश राहिला, तर ओल्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात. मग सुटलेला थर घासून काढतात.

आता खरी अडचण येते. पॉलिथिनच्या पिशवीवर डिंकाने कागद चिकटवून पाहावा. वाळताच तो अलगद सुटतो. पॉलिप्रॉपिलीनही तसेच हट्टी असते. म्हणून उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकवर आधी खास प्रायमर लावतात. तो खाली प्लॅस्टिकला व वर रंगाला धरून ठेवतो. ही पायरी गाळली, तर काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघू लागतात. धक्क्याने बंपर वाकतो, म्हणून त्यावरचा रंगही लवचीक लागतो.

रंग फवारताना भर दुपार टाळलेली बरी. कडक उन्हात थिनर वाटेतच उडून जाते, थेंब नीट पसरत नाहीत आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. वरच्या लेपात मिसळलेल्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. त्यासाठी योग्य गाळणीचा मुखवटाच हवा. ही गोष्ट कारागिराच्या आरोग्याची आहे. पण दुर्दैवाने तिच्याकडेच पुष्कळदा दुर्लक्ष होते.

शेवटी रंग जुळविण्याचे काम उरते. कारखान्याने ठरविलेल्या क्रमांकाचा रंग आणला, तरी तो शोभेलच असे नाही, कारण शेजारचा पत्राही उन्हाने थोडा फिकटलेला असतो. त्यामुळे निष्णात रंगारी आधी एका तुकड्यावर रंग मारून तो वाळू देतो, पत्र्याशेजारी धरतो आणि उघड्यावर नेऊन न्याहाळतो. छपराखाली जुळलेला रंग पुष्कळदा उन्हात वेगळा दिसतो.