दुखणे अंगावर काढू नका

रोवणीचे दिवस आहेत. नागभीडच्या आसपासच्या बांध्या पाण्याने भरल्या आहेत. पोटरीभर चिखलात बाया ओळीने उभ्या आहेत. हातात पऱ्हे आहेत. कोणी गाणे म्हणते. कोणी थट्टा करते. साऱ्या जणी हसतात.

एक बाई मात्र हसत नाही. खोकला आला तरी ती दाबून धरते. कारण हसले की तिची लघवी गळते. खोकलले की गळते. रोवणीत लुगडे भिजलेलेच असते, म्हणून कोणाला कळत नाही. पण धान कापायच्या वेळी काय करावे? लग्नाच्या मांडवात चार बायांत कसे बसावे? ती मनात म्हणते, "कोणाले सांगू? सांगितलं तर हसतीन."

दुसरी एक बाई आहे. तिला दिवसभर खाली जड जड वाटते. पाण्याची गुंडी उचलली की काहीतरी खाली उतरल्यासारखे होते. रात्री आडवी झाली की बरे वाटते. सासू तिला सांगते, "बाईच्या जातीले हे राहतेच."

अशा बाया तुमच्याही गावात असतील. कदाचित तुमच्या घरातच असतील. या पाठात आम्ही त्यांच्याच दुखण्याविषयी लिहीत आहोत. हे दुखणे लाजेचे नाही. ते पापाचे फळ नाही. कोणी करणी केली म्हणूनही ते होत नाही. शरीरातले काही स्नायू ढिले पडतात, म्हणून ते होते. आणि ढिले पडलेले स्नायू पुष्कळदा व्यायामाने पुन्हा बळकट करता येतात. हीच गोष्ट आम्हांला सांगायची आहे.

शरीरातली बाज

बाज तुम्ही रोज पाहता. चारी बाजूंना लाकूड असते. मध्ये सुतळीची वीण असते. वीण ताठ असली तर निजणारा माणूस वर राहतो. वीण सैल झाली की बाजेला झोळ येतो.

आपल्या कमरेच्या हाडांतही अशीच एक वीण आहे. पुढे ओटीपोटाच्या खाली एक हाड लागते. मागे माकडहाड असते. या दोन हाडांच्या मध्ये, खालच्या बाजूने, स्नायूंचा पट्टा ताणलेला असतो. याला आपण ओटीपोटाचा तळ म्हणू. बाईच्या शरीरात या तळावर पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भपिशवी आणि मागे शौचाचे आतडे असते. लघवीची वाट, बाळाची वाट आणि शौचाची वाट या तळातूनच बाहेर येतात. तळाचे स्नायू आवळले की वाटा मिटतात. सैल सोडले की मोकळ्या होतात.

आता हे स्नायू ढिले पडले तर काय होईल? खोकला आला की पोटातला जोर खाली येतो. वाट नीट मिटत नाही. थोडी लघवी गळते. वीण फारच सैल झाली तर गर्भपिशवी किंवा लघवीची पिशवी खाली उतरते. कधी ती बाहेरही दिसते. यालाच आपल्याकडे 'अंग बाहेर येणे' म्हणतात.

असा तळ पुरुषांनाही असतो. प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीचे ऑपरेशन झाल्यावर काही पुरुषांची काही दिवस लघवी गळते. त्यांनाही पुढे सांगितलेला व्यायामच करायला सांगतात.

वीण सैल का होते?

पहिले कारण बाळंतपण. बाळ बाहेर येताना हे स्नायू फार ताणले जातात. बाळंतपण लांबले, बाळ मोठे असले, किंवा पुष्कळ बाळंतपणे झाली, तर ताण वाढतो. तो भरून यायला वेळ लागतो. सव्वा महिना विसावा देण्याची आपली जुनी रीत या बाबतीत चांगली आहे. पण गरिबाच्या घरी ती पाळली जात नाही. बाळंतीण लवकरच पाणी भरायला, मोळी आणायला निघते.

दुसरे कारण जड ओझे. सरपणाची मोळी, धानाचे भारे, पाण्याच्या गुंड्या, हे सारे वर्षानुवर्षे बाईच्याच डोक्यावर असते.

तिसरे कारण जुना खोकला. चुलीचा धूर आणि विडी यांनी खोकला वाढतो. दर खोकल्याबरोबर तळावर दणका बसतो. चौथे कारण मलावरोध. शौचाला रोज कुंथावे लागले तर तळ सैल होत जातो. शिवाय वय झाले, पाळी गेली, की स्नायूंची ताकद कमी होते.

न बोलल्याने काय होते?

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. तेथे डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकाच्या साप्ताहिकात ती माहिती छापून आली. दर शंभर बायांपैकी ९२ बायांना स्त्रियांचा काही ना काही रोग निघाला. हे रोग अनेक तऱ्हेचे होते. सगळ्यांचेच अंग बाहेर येत होते असे नाही. पण त्याआधी अशी तपासणी किती जणींची झाली होती? शंभरात फक्त ८ जणींची! बाकीच्या साऱ्या दुखणे अंगावर काढत होत्या.

या माहितीने जगाचे डोळे उघडले. खेड्यातल्या बाईला बाळंतपणाखेरीजही दुखणी असतात, आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही, हे डॉक्टरांना कळले. तेव्हा न बोलण्याचे कारण आता राहिलेले नाही.

व्यायाम कोणता?

अमेरिकेत डॉ. अर्नॉल्ड केगेल नावाचे स्त्रियांचे डॉक्टर होते. बाळंतपणानंतर ज्यांची लघवी गळते अशा बायांना त्यांनी तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. १९४८ साली त्यांनी त्याची माहिती छापली. दंड काढून जसे हात बळकट होतात, तसे हे स्नायूही बळकट होतात, असे त्यांना दिसून आले. आज खोकताना लघवी गळत असेल तर डॉक्टर पुष्कळदा हाच उपाय आधी सांगतात. याला पैसा लागत नाही. यंत्र लागत नाही. जागाही लागत नाही.

आधी ते स्नायू ओळखावे. आडवे पडा किंवा बसा. समजा, चार माणसांत बसले असताना वारा सरतो आहे, आणि तो तुम्हांला अडवायचा आहे. त्याच वेळी लघवीही अडवायची आहे. तेव्हा आतून जे आवळले जाते आणि वर ओढले जाते, तेच हे स्नायू.

आता असे करावे:

१. आतून आवळा आणि वर ओढा. मनात एक ते पाच मोजा.

२. हळूच सैल सोडा. पुन्हा पाच मोजेपर्यंत विसावा घ्या. सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे.

३. असे आठ ते दहा वेळा करा. पाच मोजणे जमत नसेल तर दोन मोजा. हळूहळू दहापर्यंत वाढवा.

४. मग आठ ते दहा वेळा भरभर आवळा आणि सोडा.

५. हे सारे दिवसातून तीन वेळा करा.

व्यायाम करताना श्वास कोंडू नका. मांड्या आणि कुल्ले आवळू नका. खाली जोर तर मुळीच देऊ नका. खाली कुंथले तर फायद्याऐवजी तोटा होतो. लघवी करता करता ती अडवून व्यायाम करण्याची सवय लावू नका.

हा व्यायाम कोणाला दिसत नाही. चुलीवर भात शिजत असताना करता येतो. रेल्वेची वाट पाहत बसले असताना करता येतो. पण तो रोज केला पाहिजे. आठ दिवसांत गुण येत नाही. निदान तीन महिने नेटाने करावा. अंग थोडे खाली उतरत असेल तर चार महिने करावा. धान आज पेरले आणि उद्या कापले, असे होते का? तसेच हे आहे.

साधी बाळंतीण दुखणे ओसरले की हळूहळू हा व्यायाम सुरू करू शकते. टाके पडले असतील किंवा पोट चिरून बाळंतपण झाले असेल, तर आधी नर्सबाईंना विचारावे.

काम करताना

काम तर सुटत नाही. पण रीत बदलता येते. खोकला, शिंक किंवा हसू येते आहे असे वाटले की आधी तळ आवळा, मग खोका. ओझे उचलताना गुडघे वाकवा, ओझे अंगाजवळ धरा, तळ आवळा आणि श्वास सोडत उठा. एका मोठ्या मोळीच्या दोन लहान मोळ्या करा. खेप वाढेल, पण अंग सांभाळले जाईल.

लघवी गळते म्हणून काही बाया पाणी पिणेच सोडतात. हे चूक आहे. पाणी कमी झाले की लघवी जळजळते आणि शौचाला खडा होतो. पाणी नीट प्या. अंबाडी, तरोटा अशा पालेभाज्या खा. शौचाला कुंथू नका. खोकला जुना असेल तर त्याचे औषध घ्या.

व्यायाम पुरत नाही तेव्हा

बाजेची सुतळी सैल झाली तर आपण घरीच ताणतो. पण सुतळी तुटली असेल तर विणणाऱ्याला बोलवावे लागते. इथेही तसेच आहे. अंग बरेच बाहेर येत असेल तर नुसत्या व्यायामाने ते आत जाणार नाही. अशा वेळी डॉक्टर आत एक कडी बसवतात. ती अंगाला आधार देते. कडी डॉक्टरकडूनच बसवून घ्यावी आणि वेळोवेळी तपासून घ्यावी. घरी चिंध्या किंवा दुसरे काही आत घालू नये. त्याने जखम होते, पू होतो. गरज पडली तर ऑपरेशनही करतात.

पण गर्भपिशवी काढणे हा प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊस तोडणाऱ्या बायांचा प्रश्न महाराष्ट्रात गाजला. त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्या होत्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले तर विचारावे, "डॉक्टर, याआधी दुसरा काही उपाय आहे का?" असे विचारणे हा उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

पुढील खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहू नका. लघवी अडली. लघवीत रक्त आले. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले. घाण वासाचे पाणी जाते. बाहेर आलेल्या भागावर जखम झाली. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी वाहते. अशा वेळी तडक डॉक्टरकडे जावे. व्यायाम करताना किंवा नवऱ्याजवळ जाताना खाली दुखत असेल तरीही आधी दाखवावे. काहींचे स्नायू ढिले नसतात, उलट फार आखडलेले असतात. त्यांना आवळण्याचा नव्हे, सैल सोडण्याचा व्यायाम शिकावा लागतो.

कोणाला सांगावे?

आधी गावच्या आशाताईला सांगा. मग नर्सबाईंना, आरोग्य केंद्रात. तेथून पुढे कोठे जायचे ते त्या सांगतील. चंद्रपूरला २०१५ सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. असे व्यायाम शिकवणारे जाणकार असतात. त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात. ते कोठे भेटतील ते विचारून घ्या. व्यायाम बरोबर होतो की नाही, हे जाणकाराने एकदा पाहिले तर गुण चांगला येतो.

घरच्या पुरुषांनाही आमचे एक सांगणे आहे. हा पाठ बायांचा म्हणून पान उलटू नका. बाळंतिणीच्या डोक्यावर गुंडी देऊ नका. ती तुम्ही आणा. बायको काही सांगू लागली तर ऐका. दवाखान्यात तिच्याबरोबर जा.

आणि तुम्ही, ज्यांना आता वाचता येते, एवढे कराच. तुमच्या आईला, सासूला, शेजारच्या काकीला वाचता येत नसेल. दुपारी बाजेवर बसून त्यांना हा पाठ वाचून दाखवा. त्या काही बोलणार नाहीत. नुसत्या ऐकतील. पण वाचून झाल्यावर एखादी हळूच म्हणेल, "ते मोजायचं पुन्हा एक डाव सांग गा."

तेव्हा पुन्हा वाचा.